कन्सील : लपवलं, पण कोणापासून?

(मुलुंडमधल्या श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? पंखा थोडा कमी करा, म्हणजे ऐकू येईल. हां, आता सुरू करू या.

या मालेत आपण दर वेळी इंग्रजीतलं एकच क्रियापद घेतो आणि ते उलटसुलट करून पाहतो. आजचं क्रियापद आहे 'कन्सील'. शब्दकोश उघडलात तर अर्थ एका शब्दात मिळेल : लपवणे. मग तासभर बोलायचं काय, असं कोणी म्हणेल. अडचण अशी आहे की 'हाइड' शोधलं तरी तोच अर्थ मिळतो, लपवणे. दोन शब्दांना एकच अर्थ असेल तर इंग्रजीने दोन्ही सांभाळले कशाला? आणि आपल्या मुंबईच्या उपनगरात ज्या वायरमनने इंग्रजीचा एक तास केलेला नाही, तोही दिवसातून दहा वेळा 'कन्सील' म्हणतो, पण 'हाइड' कधी म्हणत नाही. हे काय गौडबंगाल आहे, ते आज पाहू.

सुरुवात आमच्याच घरातल्या एका फजितीने करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही बोरिवलीत राहायला गेलो. घर नवीन नव्हतं, आधीच्या मालकांकडून घेतलेलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर वडिलांचा फोटो लावायचा होता. शेजारून ड्रिल आणलं, पेन्सिलीने खूण केली आणि भोक पाडलं. दुसऱ्या क्षणी भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट समोरच्या सोफ्यावर. फोटो बाजूला राहिला, घरातली सगळी मंडळी बादल्या घेऊन धावली. कोणी तरी गच्चीवर जाऊन कॉक बंद केला. तासाभराने प्लंबर आला. भिंतीकडे पाहून म्हणाला, "साहेब, ही कन्सील्ड लाइन आहे. इथे भोक पाडायचं नसतं."

आम्ही विचारलं, "पण लाइन इथून गेलीय हे आम्हाला कसं कळणार?"

तो हसला. म्हणाला, "कळत नाही म्हणून तर कन्सील्ड!"

गंमत म्हणून हे वाक्य आम्ही बरेच दिवस सांगत होतो. पुढे लक्षात आलं की त्या माणसाने नकळत या क्रियापदाच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. नळी लपवली होती ती पाहुण्यांच्या नजरेपासून. पण मधल्या काळात घर विकलं गेलं, नकाशा कोणी दिला नाही, आणि लपवणूक पाहुण्यांवरून सरकत घरमालकापर्यंत, म्हणजे आमच्यापर्यंत आली. 'कन्सील' या शब्दाला एक प्रश्न कायम चिकटलेला असतो : कोणापासून? आजच्या व्याख्यानातून एवढी एक गोष्ट घरी नेलीत तरी पुरे.

आता शब्दाकडे वळू.

उच्चार आणि कूळ

स्पेलिंग लिहून घ्या : सी, ओ, एन, सी, ई, ए, एल. उच्चार करताना जोर दुसऱ्या अवयवावर, 'सील'वर द्यायचा. पहिला 'कन्' हलका, जवळजवळ गिळलेला. आपल्याकडे पुष्कळ जण 'कॅन्सल'च्या चालीवर पहिल्या अवयवावर जोर देतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काही तरी रद्द झालं. रद्द करणं ते 'कॅन्सल', लपवणं ते 'कन्सील'. नगरपालिकेतली 'काउन्सिल' तिसरीच. या तिघींची गल्लत करू नका.

'कन्सील'मध्ये ऐकू येणारा 'सील' म्हणजे आपण दाराला ठोकतो ते सीलही नव्हे. उच्चार सारखा, कूळ वेगळं. ठोकायचं सील लॅटिनमधल्या शिक्क्याच्या शब्दावरून आलं. 'कन्सील' आलं लॅटिन 'कॉन्सेलारे'वरून. त्यात 'सेलारे' म्हणजे लपवणे, आणि पुढचा 'कॉन' जोर वाढवण्यासाठी. म्हणजे नुसतं लपवणं नाही, पुरतं, पक्कं लपवणं. याच कुळातला 'सेल' आपल्याला ठाऊक आहे : तुरुंगातली कोठडी, मठातली खोली, पुढे शरीरातली पेशी. मूळ कल्पना एकच, चारी बाजूंनी झाकलेली जागा.

म्हणजे या शब्दाला जन्मापासून भिंती आहेत. आपल्या वायरमनने तो भिंतीतच नेऊन ठेवला, हे योगायोगाने का होईना, ठीकच झालं.

हाइड आणि कन्सील : तीन फरक

पहिला फरक व्याकरणाचा. मराठीत लपणे आणि लपवणे अशी जोडी आहे. मूल दारामागे लपतं, आणि आई लाडवाचा डबा लपवते. इंग्रजी 'हाइड' ही दोन्ही कामं एकटं करतं. 'द बॉय हिड बिहाइंड द डोअर', मुलगा दारामागे लपला. 'मदर हिड द बॉक्स', आईने डबा लपवला. 'कन्सील' मात्र फक्त लपवणे आहे, लपणे नाही. त्याला कर्म लागतंच. 'द बॉय कन्सील्ड बिहाइंड द डोअर' असं म्हटलंत तर ऐकणारा वाट पाहत बसेल : काय लपवलं? तिथे 'कन्सील्ड हिमसेल्फ' म्हणावं लागतं, स्वतःला लपवलं. आपली मुलं परीक्षेत इथे हमखास चुकतात.

दुसरा फरक हेतूचा. ढगांनी सूर्य झाकला तर 'हाइड' चालतं, ढगाच्या मनात काही नसतं. एखाद्याच्या अंगात गाण्याची कला आहे आणि ती कोणाला माहीत नाही, तर ती 'हिडन टॅलेंट'. तिला 'कन्सील्ड टॅलेंट' म्हटलंत तर त्या माणसाने ती मुद्दाम दडवली असा वास येतो. कर्ता माणूस असेल तर 'कन्सील'मध्ये बहुतेक वेळा योजना असते, विचार असतो. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही. पडदा तिजोरी 'कन्सील' करू शकतो. ब्रिटनमध्ये रस्त्याकडेला 'कन्सील्ड एन्ट्रन्स' अशी पाटी दिसते. पुढे एक फाटक आहे, ते गाडीवाल्याला लांबून दिसत नाही, जपून जा, एवढाच तिचा अर्थ. ते फाटक कोणी दुष्टाव्याने लपवलेलं नसतं.

तिसरा फरक वजनाचा. 'हाइड' घरातला, अंगणातला शब्द. मुलांचा लपाछपीचा खेळ 'हाइड अँड सीक'च, तिथे 'कन्सील' आणलंत तर मुलं पळून जातील. 'कन्सील' कचेरीतला, कोर्टातला, बातमीतला. कपड्यात दडवलेलं शस्त्र 'कन्सील्ड वेपन'. बिलातले न सांगितलेले आकार मात्र 'हिडन चार्जेस'. इथे तर्क फार चालवू नका, रूढी पाठ करा. भावनांच्या बाबतीत 'कन्सील' छान बसतं. निकाल लागला आणि 'ही कुड नॉट कन्सील हिज जॉय', आनंद त्याच्या चेहऱ्यावर लपेना. आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायचं जे प्रसाधन तुमच्या मुलींच्या पर्समध्ये असतं ते 'कन्सीलर'. घाटकोपरच्या बाजारात ते कोणीही याच नावाने मागतं.

मराठीची पेटी उघडून पाहू

आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. लपवणे आहे, दडवणे आहे, झाकणे आहे, दडपणे आहे, बुजवणे आहे, पांघरूण घालणे आहे. प्रत्येकाची जागा वेगळी. साठेबाज धान्य दडवतो. चौकशीचा अहवाल दडपला जातो. खड्डा बुजवतात. मुलाच्या चुकीवर आई पांघरूण घालते. 'कन्सील'ला सर्वांत जवळचा कोण? आम्हाला विचाराल तर 'दडवून ठेवणे'. त्यात मुद्दामपणा आहे आणि 'ठेवणे'मुळे काळही आहे. एकदा लपवलं आणि संपलं असं नाही, ते लपलेलं राहील अशी व्यवस्था केली.

आपल्या म्हणीही पाहा. 'ताकाला जाऊन भांडं लपवणे.' शेजारणीकडे ताक मागायला गेली आणि भांडं पदराआड धरलं. का? संकोच. हे झालं 'हाइड'. शेजारणीचं त्यात काही नुकसान नाही, झाला तर हिचाच खोळंबा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' ही नुसती चूप राहण्याची चतुराई. मुठीत काय आहे ते आपण सांगितलं नाही, आणि सांगायला बांधीलही नव्हतो. तिसरी म्हण, 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही'. हा सगळ्याच लपवणाऱ्यांना दिलेला इशारा. म्हणजे संकोचाने लपवणं, न सांगणं आणि मुद्दाम झाकणं, हे तीन प्रकार आपल्या आज्यांनी कायद्याच्या आधी वेगळे केले होते.

'फ्रॉम' कुठे गेला?

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीत वाक्याचा सांगाडा असा : 'कन्सील समथिंग फ्रॉम समवन'. एखादी गोष्ट कोणापासून तरी लपवणे. इथे मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे, कारण आपणही 'पासून' म्हणतो, 'तिने ते माझ्यापासून लपवलं'. म्हणून 'शी कन्सील्ड इट फ्रॉम मी'. 'टू मी' नाही, आणि 'शी कन्सील्ड मी द ट्रुथ' तर मुळीच नाही. 'टेल'ला दोन कर्मं चालतात, 'कन्सील'ला चालत नाहीत.

पण आपल्या उपनगरातल्या 'कन्सील्ड'चं काय झालं पाहा. जुन्या चाळीत आणि पहिल्या पिढीच्या इमारतींत वायर भिंतीवरून जायची. लाकडी पट्टी ठोकलेली, तिच्यावर क्लिपांनी वायर बसवलेली. मग केसिंग-कॅपिंग आलं. ते दिसायला नेटकं, पण अजूनही भिंतीवरच. पुढे भिंतीत खाच पाडून पाइप पुरायचे, वरून गिलावा, पुट्टी, रंग. हे 'कन्सील्ड वायरिंग'. मागोमाग 'कन्सील्ड प्लंबिंग' आलं, संडासाची टाकी भिंतीआड गेली, कपाटाच्या बिजागऱ्यासुद्धा 'कन्सील्ड' झाल्या. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले, तसा जाहिरातीत हा शब्द सुविधांच्या यादीत बसला : मॉड्युलर किचन, कन्सील्ड वायरिंग, लिफ्ट.

क्रियापदाचं विशेषण झालं आणि वाटेत 'फ्रॉम' गळून पडला. कोणापासून लपवलं, हे विचारायचं कारण कोणाला उरलं नाही. नजरेपासून लपवलं, घर सुंदर दिसावं म्हणून. हा अर्थ निरागस आहे आणि तो तसाच राहावा. त्याची अट एकच : नजरेपासून लपलेलं असलं तरी ज्याला कळायला हवं त्याला ते माहीत असावं. ही अट मोडली की तोच शब्द इमारतीच्या जाहिरातीतून उठून कोर्टाच्या कागदात जाऊन बसतो. कसा, ते पुढे पाहू.

कायदा या शब्दाकडे कसा पाहतो

१८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याचं १७वं कलम कपट म्हणजे काय ते सांगतं. त्यात एक प्रकार दिला आहे 'अ‍ॅक्टिव्ह कन्सीलमेंट'. माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणे. 'अ‍ॅक्टिव्ह' या शब्दाखाली रेघ मारा. कारण लगेच खाली खुलासा आहे की नुसतं गप्प राहणं हे कपट नव्हे. याला दोन अपवाद : परिस्थिती अशी असेल की बोलणं हे त्या माणसाचं कर्तव्यच होतं, किंवा त्याचं गप्प राहणं हेच बोलण्यासारखं होतं.

समजावायला कायद्यानेच घोड्याची उदाहरणं दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट नाही. मात्र विकत घेणारी त्याची स्वतःचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

बघा, घोडा तोच, खोट तीच. बदललं काय? समोरचा माणूस, आणि त्याचा जाणून घेण्याचा हक्क. म्हणजे पुन्हा 'कोणापासून' हाच प्रश्न.

आता घोडा सोडू आणि फ्लॅट घेऊ, कारण घोडे आपल्यापैकी कोणीच विकणार नाही. समजा अंधेरीत तीन गृहस्थ आपापला फ्लॅट विकताहेत. तिघांच्याही बेडरूममध्ये वरच्या बाथरूममुळे ओल येते. पहिल्याने ओलीचा डाग तसाच ठेवला आणि कोणी विचारलं नाही म्हणून बोलला नाही. दुसऱ्याने गिऱ्हाईक येण्याच्या आठवडाभर आधी पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग मारला, आणि खबरदारी म्हणून तिथे कपाट सरकवलं. तिसऱ्याने डाग दाखवला आणि सांगितलं, 'पावसाळ्यात इथे ओल येते, सोसायटीशी पत्रव्यवहार चालू आहे, ही फाइल'.

पहिल्याचं वागणं 'कन्सील' म्हणता येत नाही. डाग डोळ्यांसमोर आहे, घेणाऱ्याने पाहायला हवा होता. दुसऱ्याचं वागणं हे शब्दकोशातलं, लॅटिनमधलं, पक्कं 'कन्सील'. पुट्टी, रंग आणि कपाट या तीन सक्रिय कृती आहेत, आणि त्या नेमक्या एका माणसाला उद्देशून केल्या आहेत. तिसऱ्याने जे केलं त्याला इंग्रजीत 'डिस्क्लोज' म्हणतात, 'कन्सील'चा विरुद्धार्थी.

स्थावर मालमत्तेच्या बाबतीत कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम सांगतं की वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजे ओल दिसत असेल तर घेणाऱ्याने पाहावी, पण भिंतीच्या आतली फुटकी नळी विकणाऱ्याने सांगावी. घोड्याच्या लिलावात जे गप्प राहणं चालतं, ते घराच्या व्यवहारात चालत नाही. बिल्डरांसाठी महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात जमिनीच्या हक्काबद्दल पूर्ण आणि खरी माहिती उघड करण्याची अट आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. ही मुदत लक्षात ठेवा. भिंतीतली गोष्ट बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून ती वर्षांत मोजली आहे.

विम्यातही हाच शब्द भेटतो. आयुर्विम्याच्या अर्जात मधुमेह आहे का असं विचारलं आणि असूनही 'नाही' लिहिलं, तर ती लपवणूक ठरते. विमा कायद्याच्या ४५व्या कलमात कपटाची व्याख्या करताना 'अ‍ॅक्टिव्ह कन्सीलमेंट' हेच शब्द आहेत. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही हे खरं, पण त्या भरवशावर अर्ज भरू नका. तीन वर्षांच्या आतच काही झालं तर घरच्यांनी काय करायचं?

मग हेतू या शब्दात असतोच का? यावर आपलं सर्वोच्च न्यायालयही एकदा शब्दकोश उघडून बसलं होतं. १९६१ च्या आयकर कायद्यात उत्पन्नाचा तपशील 'कन्सील' केल्याबद्दल दंड होता. २००७ च्या एका निकालात न्यायालयाने या शब्दाचं लॅटिन मूळ पाहिलं आणि त्यात मुद्दामपणा आहे असा कौल दिला. पुढच्याच वर्षी मोठ्या खंडपीठाने तो कौल मानला नाही. या दंडासाठी मुद्दामपणा सिद्ध करावा लागत नाही असं म्हटलं. २०१७-१८ या कर निर्धारण वर्षापासून त्या जागी नवं कलम आलं आणि त्यात 'कन्सील'ऐवजी उत्पन्न कमी दाखवणे, चुकीचं दाखवणे असे शब्द आले. एका क्रियापदात हेतू आहे की नाही, यावर माणसाचे पैसे जातात किंवा वाचतात. म्हणून व्याकरण कंटाळवाणं आहे असं म्हणू नका.

घाटकोपरची आठवण

एक गोष्ट सांगताना जड वाटतं, पण टाळता येत नाही. २५ जुलै २०१७. घाटकोपर पश्चिमेला, दामोदर पार्क भागात एक राहती इमारत सकाळी कोसळली. सतरा माणसं गेली. तळमजल्यावर दुरुस्ती-नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधारांना धक्का लागला असा आरोप पुढे आला. कोण दोषी, हे ठरवणं न्यायालयाचं काम. आपण इथे शब्दाचा अभ्यास करतोय, कोणावर ठपका ठेवायला बसलेलो नाही.

पण त्या दिवसानंतर आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असेल. आरसीसी इमारतीत खांब आणि तुळया असतात, आणि सजावटीत त्या प्लायवूडच्या, पीओपीच्या आड जातात. दिसेनाशा होतात. एका घरात राहणाऱ्याला वाटतं, भिंत माझी, मी हवी तशी तोडीन. पण खांब एकट्याचा नसतो. तो वरच्या सगळ्या मजल्यांचा असतो. माझ्या घरात बंद दाराआड चाललेलं काम माझ्या शेजाऱ्यापासून लपलेलं असतं, आणि ते त्याच्या डोक्यावरच्या छपराशी संबंधित असतं. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, ती याच कारणाने. तपासनीस हातोड्याने ठोकून, ध्वनिलहरी सोडून काँक्रीटच्या आत काय चाललंय ते पाहतो. घरात काम काढताना सोसायटीला लेखी कळवायचं असतं, तो नुसता कागदी त्रास नाही. 'फ्रॉम'च्या जागी शेजाऱ्याचं नाव येऊ नये, यासाठी ती काळजी आहे.

एक प्रश्न

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न शब्दांकनात ठेवावा असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. एका ताईंनी विचारलं :

"आमच्या आईला मोठा आजार निघाला तेव्हा आम्ही भावंडांनी तो तिला सांगितला नाही. रिपोर्ट कपाटात ठेवले. डॉक्टरांनाही सांगितलं, तिच्यासमोर बोलू नका. हे 'हाइड' झालं की 'कन्सील'? आणि दुसरं असं की ती गेल्यावर तिच्या पोथीत आम्हाला चिठ्ठी सापडली. सगळी औषधांची नावं, तारखा. तिला माहीत होतं."

थोडा वेळ सभागृहात कोणी बोललं नाही.

ताई, व्याकरणाने उत्तर द्यायचं तर रिपोर्ट कपाटात ठेवणं, डॉक्टरांना गप्प करणं, हे 'कन्सील'च. योजना आहे, कृती आहे, आणि 'फ्रॉम'च्या जागी आई आहे. शिवाय आजार तिच्या देहाचा, म्हणजे जाणून घेण्याचा पहिला हक्क तिचाच होता. हे आम्ही सौम्य करून सांगणार नाही, कारण तुम्ही खरं उत्तर मागितलंत.

पण इंग्रजीत याच प्रसंगासाठी आणखी एक वाक्प्रयोग आहे, 'कीप फ्रॉम'. 'वुई केप्ट इट फ्रॉम हर.' आपण म्हणतो ना, 'आम्ही तिच्या कानावर घातलं नाही', तसंच. लपवणूक तीच, पण त्यात फायदा साधण्याचा वास नाही, जपण्याचा आहे. बाहेरच्या माणसाने सांगितलं तर तो 'कन्सील' म्हणेल, घरचा माणूस 'कीप फ्रॉम' म्हणेल. आणि तुमच्या आईने जे केलं, माहीत असूनही माहीत नसल्यासारखं दाखवलं, तेही हेच. तिनेही ते तुमच्यापासून ठेवलं. दोन्हीकडे 'पासून' होतं आणि दोन्हीकडे माया होती. फक्त एवढंच वाटतं की त्या दिवसांत तुम्ही दोघी मोकळेपणी बोलला असता तर तिलाही बरं वाटलं असतं. हे सांगायला व्याकरण अपुरं आहे, म्हणून इथेच थांबतो.

घरी नेण्यासाठी

आता झटपट उजळणी.

एक. 'कन्सील'ला कर्म हवंच. लपणं हे काम 'हाइड'चं.

दोन. 'कन्सील समथिंग फ्रॉम समवन'. 'टू' नको.

तीन. वाक्याला वाक्य जोडायचं तर 'कन्सील द फॅक्ट दॅट'. 'ही कन्सील्ड द फॅक्ट दॅट ही वॉज इल', आजारी असल्याचं त्याने दडवून ठेवलं.

चार. नाम 'कन्सीलमेंट'. विरुद्धार्थी 'डिस्क्लोज' आणि 'रिव्हील'. एखादी गोष्ट जेमतेम लपवलेली, लगेच कळण्यासारखी असेल तर 'बेअरली कन्सील्ड'. लोकलच्या चौथ्या सीटवर बसलेल्याकडे तिसरा ज्या नजरेने पाहतो ती बेअरली कन्सील्ड नाराजी.

पाच, आणि हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. घरात कन्सील्ड काम काढाल तेव्हा गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोबाइलने फोटो काढा. शेजारी मेजरिंग टेप धरा, म्हणजे जमिनीपासून नळी किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते फोटोतच येईल. छापून घराच्या फाइलमध्ये ठेवा, आणि घर विकाल तेव्हा किल्ल्यांबरोबर ती फाइल द्या. आमच्या बोरिवलीच्या घरात आता तशी फाइल आहे. वडिलांचा फोटोही लागला आहे, जुन्या जागेपासून दीड फूट डावीकडे. जुन्या भोकावर पुट्टी भरली, पण फाइलमध्ये त्याची नोंद केली आहे.

अभ्यास म्हणून घरी पाच वाक्यं लिहून आणा. प्रत्येकात 'कन्सील' हवं आणि प्रत्येकात 'फ्रॉम' हवं. कोणापासून, हे लिहिल्याशिवाय वाक्य पुरं झालं असं समजू नका.

पुढच्या वेळी 'डिस्क्लोज' आणि 'रिव्हील' ही जोडी घेऊ. आज इतकंच. चहा बाहेर ठेवलाय, घेतल्याशिवाय कोणी जाऊ नका. नमस्कार.